वाचकांचे प्रश्न : गावातील इंटरनेट आणि भाषेचा अडसर

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी आली आहे. गावात मोबाइलचे जाळे पोहोचले आणि परवडणारे फोनही आले, तरी सरकारी आणि बँकेच्या कामासाठी माणसे दुसऱ्याचाच हात शोधतात. त्यामागे भाषा किती आणि इतर कारणे किती, असा या पत्रांचा रोख आहे. त्यांतील निवडक पत्रांतला मुद्द्याचा भाग येथे घेतला असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावात रेंज चांगली आहे. तरुण मुले दिवसभर व्हिडिओ पाहतात, वयस्कर मंडळी फोनवर कीर्तने ऐकतात. मात्र अनुदानाचा किंवा पीक विम्याचा अर्ज भरायचा म्हटले की सगळे सेवा केंद्रासमोर रांग लावतात. पोर्टल मराठीत असतानाही असे का व्हावे?
— ग्रामपंचायत सदस्य, ता. गेवराई

व्हिडिओ पाहणे आणि अर्ज भरणे या दोन्ही गोष्टींना आपण ‘इंटरनेट वापरणे’ म्हणतो खरे, परंतु भाषेच्या दृष्टीने त्यांच्यात फार अंतर आहे. कीर्तन ऐकण्यासाठी एक अक्षरही वाचावे लागत नाही. चित्र दिसते, त्यावर बोट ठेवले की आवाज सुरू होतो. शिवाय चुकीचा व्हिडिओ लागला तर तो बंद करता येतो, त्यात कोणाचे काही जात नाही. अर्जाचे तसे नसते. तेथे शेवटपर्यंत वाचत, समजत आणि निर्णय घेत जावे लागते, आणि एखादी खूण चुकीच्या चौकटीत पडली तर वर्षाचे अनुदान अडकेल ही धास्ती मनात असते.

पोर्टल मराठीत आहे हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण ते कोठवर मराठीत आहे हे एकदा शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाहावे. बहुतेक ठिकाणी मुखपृष्ठ मराठीत असते, मंत्र्यांचे छायाचित्र आणि योजनेची माहितीही मराठीत असते. त्यानंतर नोंदणीचे पान येते आणि तेथे पासवर्ड मागितला जातो. त्यात इंग्रजीचे किमान एक मोठे आणि एक लहान अक्षर असावे, अशी अट असते. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेदच नाही. मराठीत अस्खलित वाचणाऱ्या, पोथी आणि वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या माणसालाही ही अट प्रथमदर्शनी कळत नाही, आणि त्यात त्याचा दोष मुळीच नाही. पुढे वाकड्यातिकड्या रोमन अक्षरांची ती ओळखपरीक्षा (कॅप्चा), मग बँक शाखेचा रोमन अक्षरांतला संकेतांक, मग इंग्रजीतून येणारा ओटीपीचा संदेश, आणि यांपैकी कोठे अडले तर लाल रंगात उमटणारी इंग्रजी सूचना. माणूस जेथे खरोखर अडतो, नेमके तेथेच मराठी त्याची साथ सोडते. २०११ च्या जनगणनेनुसार इंग्रजी येते असे सांगणाऱ्यांचे प्रमाण देशात सुमारे एक दशांश होते आणि त्यांतील बहुतेकांची ती दुसरी किंवा तिसरी भाषा होती. गावातील पन्नाशीपुढच्या माणसांत हे प्रमाण काय असेल, हे आपणास अधिक ठाऊक आहे.

अडसराचे दुसरे रूप मराठीतच दडलेले असते. सरकारी मराठी अवघड असते अशी सरसकट तक्रार होते, ती मला पूर्णपणे मान्य नाही. ‘पोटखराबा’, ‘फेरफार’, ‘भोगवटादार वर्ग दोन’, ‘आणेवारी’ हे शब्द शहरातल्या पदवीधराला अडखळवतात, पण शेतकऱ्याला नाही, कारण सात-बाऱ्याशी त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये गट क्रमांक, खाते क्रमांक, हंगाम असे ओळखीचे शब्द आहेत, आणि ते शब्द शेतकऱ्याला कोणी समजावून द्यावे लागले नाहीत. अडचण येते ती इंग्रजी शब्दाला कोशात बसून घडवलेल्या आणि कोणाच्याही तोंडी न रुळलेल्या प्रतिशब्दांची. ओटीपी हा शब्द आता गावातल्या आजीलाही कळतो. त्याऐवजी पडद्यावर ‘एकवेळ अधिप्रमाणन संकेतांक’ असे उमटले, तर मराठीत असूनही तिला वाटते की हे आपल्यासाठी नाही.

म्हणून पोर्टल मराठीत आहे का, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. मराठी वाचता येणाऱ्या माणसाला फोन दुसऱ्याच्या हाती न देता काम शेवटास नेता येते का, असे विचारावे. फोन दुसऱ्याच्या हाती गेला की ओटीपीही जातो, आणि पुष्कळदा पासवर्डही केंद्रातल्या वहीत लिहून ठेवला जातो. आपल्या गावची रांग आळसाची नाही. ज्याच्या हातून चूक होणार नाही अशा माणसाकडे काम सोपवण्याचा तो व्यवहारी शहाणपणा आहे, आणि त्याची किंमत मात्र शेतकरी मोजतो.

प्रश्न : मी सेवा केंद्र चालवतो. माझा निम्मा दिवस नावे जुळवण्यात जातो. सात-बाऱ्यावर नाव एक, आधारवर दुसरे, पासबुकावर तिसरे. शेतकरी माझ्यावर चिडतात. याला काही उपाय आहे का?
— सेवा केंद्रचालक, जालना जिल्हा

आपल्या पत्रातील ही व्यथा मला या सगळ्या विषयातील सर्वांत दुर्लक्षित बाब वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

महसुली दप्तर मराठीत आहे. बँकेची आणि करखात्याची नोंद इंग्रजीत आहे. आधारवर नाव दोन्ही लिपींत छापलेले असते. मराठी नाव रोमन लिपीत कसे लिहावे याचा एकच सर्वमान्य नियम व्यवहारात कधी पाळला गेला नाही. ज्ञानेश्वर हे नाव कोणी ‘डी-एन-वाय’ने, कोणी ‘जी-वाय’ने, तर कोणी ‘जे-एन’ने सुरू करतो. विठ्ठलमध्ये ‘टी’ एक की दोन आणि ‘एच’ कोठे, हे त्या दिवशी टंकणाऱ्याच्या मर्जीवर ठरलेले असते. वैशालीचा आरंभ ‘व्ही’ने होतो तसा ‘डब्ल्यू’नेही होतो. ही सगळी रूपे मराठी माणसाच्या डोळ्यांना एकच असतात, पण संगणक अक्षर अक्षराशी ताडून पाहतो आणि त्याला ती निरनिराळी माणसे दिसतात. त्यात आपली नावे लिहिण्याची रीत भर घालते. सात-बाऱ्यावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. पासबुकावर कधी आडनाव आधी येते, कधी वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर असते. गावात ज्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात त्याचे दप्तरी नाव निराळेच असते, आणि एखाद्या तलाठ्याने कधीकाळी कौतुकाने भाऊसाहेबच लिहून ठेवलेले असते. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव, सासरचे नाव आणि लग्नानंतर बदललेले पहिले नाव अशी तिहेरी गुंतागुंत होते. शेतजमिनीवर बाईचे नाव लागणे हेच मुळात दुर्मीळ. ते लागले तर असे अडते.

पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिले गेले, म्हणजे या व्यवस्थेचा आरंभ महाराष्ट्राच्या खेड्यातच झाला. पुढे घाईघाईने झालेल्या नोंदणीत एका लिपीतले नाव दुसऱ्या लिपीत नेण्याचे काम यंत्राकडे होते आणि ते तपासण्याचे काम नोंदणी करणाऱ्याकडे. तपासणी कोठे झाली, कोठे राहिली. तिचे परिणाम आपण आज निस्तरत आहात.

उपाय असे आहेत. सात-बाऱ्यावरील चूक केवळ लेखनप्रमाद असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. आधारमधील नाव पुराव्याच्या कागदपत्रासह दुरुस्त होते, परंतु साधारणपणे आयुष्यात दोनदाच. म्हणून तेथे घाई करू नये. शेतकऱ्याला आधी सगळे कागद एकत्र ठेवायला सांगावे, कोणते रूप कायम ठेवायचे हे त्याच्याकडून ठरवून घ्यावे, आणि बँकेची नोंद त्याप्रमाणे बदलून घ्यावी, कारण ती बदलणे तुलनेने सोपे असते. आधारला शेवटी हात लावावा. पुष्कळ केंद्रांत नेमके उलट होते. समोरचा अर्ज आज पुढे जावा म्हणून आधारमध्ये बदल केला जातो, आणि पुढच्या योजनेच्या वेळी जमिनीची नोंद जुळेनाशी होते.

याहून मोठा उपाय आपल्या हाती नाही. नावे जुळवणाऱ्या प्रणालींनी उच्चारसाम्य मान्य करायला हवे आणि संशयास्पद जोड्या माणसाच्या नजरेखालून घालायला हव्यात. हे तंत्र नवे नाही. ते मराठी नावांसाठी नीट बसवण्याची निकड कोणाला वाटलेली नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : १९९८ च्या सुमारास वारणा खोऱ्यात गावोगावी संगणक बसवले तेव्हा आम्हा शिक्षकांना मोठी उमेद वाटली होती. सगळे मराठीत होते. मग तो प्रयोग विरला कसा?
— निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा

वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीची कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे या प्रकल्पात होती. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि सहकारी संस्था असे तिघांचे पैसे त्यात होते. गावच्या केंद्रातून शेतकऱ्याला शेतीची माहिती, बाजारभाव आणि सरकारी योजना मराठीतून मिळाव्यात, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात टिकला तो कारखान्याशी निगडित व्यवहार : ऊस किती टन गेला, बिल किती झाले, खताची उचल किती. बाकीची माहिती मराठीत असूनही फारशी कोणी उघडली नाही. पुढे २००७ च्या सुमारास एका संशोधक गटाने काही गावांत हे संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने तेच ऊस-व्यवहार करून पाहिले, आणि शेतकऱ्यांचे काम भागले. यंत्रे, वीज आणि दुरुस्ती यांवरचा खर्च पाहता संगणक त्या कामासाठी फार महाग होते.

यावरून ‘भाषेचे काही नसते, गरजेचे असते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल, परंतु मला तसे वाटत नाही. त्याच काळातले एक उदाहरण पाहा. पुदुच्चेरीजवळच्या वीरमपट्टिनम या कोळ्यांच्या गावी एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाचे माहिती केंद्र होते. अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून समुद्रातल्या लाटांच्या उंचीचा अंदाज तेथे उतरवून घेतला जाई आणि तो तमिळमधून ध्वनिवर्धकावरून किनाऱ्यावर ऐकवला जाई. मूळ मजकूर इंग्रजीत होता आणि संगणकाला हात लावणारी माणसे मोजकी होती. तरी माहिती शंभर टक्के कामाची होती, ती त्या दिवसाची होती आणि बोलीतून कानावर पडत होती. वारणेला लिपी मराठी होती, पण पडद्यावरच्या बऱ्याचशा मजकुरात त्या शेतकऱ्याचा, त्या आठवड्याचा असा प्रश्न नव्हता. आजच्या पुष्कळ मराठी ॲपांना हीच कसोटी लावली तर त्यांतली किती उतरतील, याबद्दल मी फार आशावादी नाही. हवामानाच्या बाबतीत मात्र कृषी विद्यापीठांचे जिल्हावार मराठी सल्ले या कसोटीला बऱ्यापैकी उतरतात. परभणी आणि राहुरी येथील सल्ले व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरतात ते त्यामुळेच.

प्रश्न : बँकेचे संदेश मराठीत का येत नाहीत? अर्ज तर तीन भाषांत छापलेला असतो.
— बचत गटाच्या सचिव, ता. करमाळा

छापील कागदाविषयी रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट निर्देश आहेत : किरकोळ ग्राहकांसाठीचे साहित्य इंग्रजी, हिंदी आणि संबंधित प्रादेशिक भाषेत उपलब्ध असले पाहिजे. आपण पाहिलेला त्रैभाषिक अर्ज त्यातूनच आला आहे. एसएमएसच्या बाबतीत मात्र खर्चाचे गणित आड येते. इंग्रजीतल्या एका संदेशात १६० अक्षरे मावतात. त्यात देवनागरीचे एक अक्षर आले तरी संपूर्ण संदेशाची मर्यादा ७० वर येते, कारण या लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला साठवायला अधिक जागा लागते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या खुणा स्वतंत्र मोजल्या जातात. ‘क्षेत्र’ हा दोन अक्षरांचा शब्द या हिशेबात सात चिन्हांचा होतो. त्यामुळे इंग्रजीत एका संदेशात बसणारी सूचना मराठीत दोन-तीन संदेशांची होते, आणि पाठवणाऱ्याला तितक्या संदेशांचे पैसे पडतात. लाखो ग्राहक असले की ही रक्कम लहान राहत नाही.

हे कारण समजण्यासारखे असले तरी समर्थनीय नाही. खात्यातून पैसे गेल्याची सूचना ज्या भाषेत ग्राहकाला वाचता येत नाही त्या भाषेत देणे म्हणजे सूचना न देण्यासारखेच आहे. आपल्या गटातील सभासदांसाठी सध्या इतके करावे : शाखेत जाऊन पसंतीची भाषा म्हणून मराठीची नोंद होते का ते विचारावे, कारण काही बँकांत ती सोय असते पण कोणी सांगत नाही, आणि ‘डेबिटेड’, ‘क्रेडिटेड’, ‘ओटीपी’ व ‘डू नॉट शेअर’ एवढे शब्द रोमन लिपीत ओळखण्याचा सराव गटाच्या बैठकीत करून घ्यावा. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्न : आमच्याकडच्या मुलांची मातृभाषा कोरकू आहे. त्यांच्या आईवडिलांना मराठीही जेमतेम समजते. आपण सगळे मराठी इंटरनेटविषयी बोलता, त्यात ही माणसे कोठे आहेत?
— शाळाशिक्षिका, ता. धारणी

आपला आक्षेप रास्त आहे. मेळघाटात मराठीही बाहेरून आलेली भाषा आहे, हे आपण राज्याच्या पातळीवर बोलताना सोयीस्करपणे विसरतो. कोरकूचे नाते मराठीशी नाही. ती मुंडा कुळातील, म्हणजे संथाळी-मुंडारीच्या गोतावळ्यातील भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांवर होते, गोंडी बोलणारे तीस लाखांच्या आसपास आणि भिली गटातील भाषा बोलणारे एक कोटीहून अधिक. आदिवासी भाषांपैकी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, स्थान मिळाले ते केवळ संथाळी आणि बोडो या दोघींना. फोन, पोर्टल आणि भाषांतर प्रणाली यांसाठीची सरकारी मानके बहुतेक या अनुसूचीलाच धरून असतात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल संचांत भारतीय भाषांची सोय सक्तीची केली, तेव्हाही हिशेब अनुसूचित भाषांचाच होता. अनुसूचीबाहेरची भाषा अशा रीतीने पहिल्याच पायरीवर गळते.

लिपीचा प्रश्न सुटला म्हणजे मार्ग मोकळा होतो असेही नाही. गोंडीच्या दोन लिपी, मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी, २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिपींची अक्षरे सर्व संगणकांवर सारखीच उमटवणाऱ्या संकेतपद्धतीत, आल्या. अस्मितेच्या दृष्टीने त्याचे मोल आहेच, परंतु बहुसंख्य गोंडी बोलणाऱ्यांना त्या वाचता येत नाहीत, आणि त्यांत वाचण्यासारखा मजकूरही थोडाच आहे.

अशा भाषांसाठी आवाजाचा मार्ग अधिक आश्वासक वाटतो. छत्तीसगडमध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये सुरू झालेल्या सीजीनेट स्वरा या उपक्रमात माणूस साध्या फोनवरून एका क्रमांकावर संपर्क करतो, आपल्या बोलीत तक्रार किंवा बातमी सांगतो, ती तपासून इतरांना ऐकण्यासाठी खुली केली जाते. गोंडी बोलणाऱ्यांनी त्याचा उपयोग मजुरी थकल्याच्या, हातपंप नादुरुस्त असल्याच्या तक्रारी पुढे नेण्यासाठी केला. ना अक्षरओळख लागते, ना स्मार्टफोन. मात्र पलीकडे ती तक्रार ऐकून, समजून संबंधित अधिकाऱ्यापर्यंत नेणारी माणसे असावी लागतात. खरे काम तेच आहे आणि ते यंत्राने होत नाही. मेळघाटात आशा कार्यकर्त्या आणि आपल्यासारख्या शिक्षिका हे दुभाषाचे काम आजही करीत आहेत, बहुधा विनामोबदला. शासनाने या दुभाषेपणाला काम म्हणून मान्यता द्यावी आणि त्याचे मानधन द्यावे. कोरकूतील ॲप काढण्याच्या घोषणेपेक्षा त्याचा लाभ लवकर दिसेल.

प्रश्न : आईला मराठी टंकता येत नाही, म्हणून ती फोनवर फक्त फोटो पाठवते. तिला काय शिकवू?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, अमळनेर

टंकणे शिकवूच नका, निदान आधी तरी. फोनच्या कळफलकावरचे माइकचे चिन्ह दाखवा आणि मराठी भाषा निवडून द्या. बोललेले अक्षरांत उतरते. गुगलने ही सोय मराठीसाठी ऑगस्ट २०१७ पासून दिली आहे. आपल्या आईची बोली अहिराणी असेल तर प्रारंभी चुका होतील, कारण यंत्राचा कान प्रमाण मराठीला सरावलेला आहे. त्या वेळी बोटाने अक्षर गिरवून लिहिण्याचा पर्याय पाहावा. शाळेत पाटीवर अक्षरे गिरवलेल्या पिढीला तो चटकन जमतो. शेतीविषयी काही विचारायचे असेल तर फोनवर लिहिण्याचीही आवश्यकता नाही. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत मराठीतून उत्तर मिळते. ही सेवा २००४ पासून सुरू आहे.

प्रश्न : आमच्या ग्रामवाचनालयाने वीस वर्षांपूर्वी स्थानिक इतिहासाची पाने संगणकावर उतरवली होती. आता ती उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. काम वाया गेले का?
— ग्रंथपाल, चिपळूण परिसर

वाया गेलेले नाही. त्या काळी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत काम होत असे. त्यांत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असे, फक्त त्यावर देवनागरी आकाराचा मुखवटा चढवलेला असे. फाँट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळतो आणि आतली रोमन अक्षरे उघडी पडतात. हा मजकूर शोधयंत्रालाही सापडत नाही. मूळ फाँट कोणता होता हे कळले तर तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. जोडाक्षरे आणि रफार मात्र हाताने तपासावे लागतात, विशेषतः ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण मराठी छपाईचे व्यवसाय पुढची कित्येक वर्षे आपापल्या फाँटांतच अडकून राहिले, आणि त्यामुळे त्या काळातला मोठा मराठी मजकूर इंटरनेटच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातील लेखांची संख्या आज एक लाखाच्या आसपास आहे, तर इंग्रजीत ती सत्तर लाखांच्या घरात आहे. आपल्या वाचनालयाची पाने बदलून झाली की ती खुली करावीत. गावाच्या नावाने शोधणाऱ्याला आज जनगणनेच्या आकड्यांपलीकडे क्वचितच काही सापडते.

प्रश्न : इतका खटाटोप करण्यापेक्षा सर्वांना इंग्रजी शिकवणे सोपे नाही का? पुढची पिढी तरी अडणार नाही.
— व्यावसायिक, नाशिक

मुलांनी इंग्रजी शिकावे, याला कोणाचाच विरोध नाही. तथापि अनुदानाचा अर्ज आज साठ वर्षांच्या माणसाला भरायचा आहे. त्याला नातवाचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत थांबा असे सांगता येणार नाही. शिवाय घरातल्या एकालाच इंग्रजी येते तेव्हा त्या घराचा सगळा व्यवहार त्याच्या हाती जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील ग्रामीण पुरुषांपैकी ४८.७ टक्क्यांनी इंटरनेट कधी ना कधी वापरले होते. ग्रामीण स्त्रियांत हे प्रमाण २४.६ टक्के होते. या तफावतीला फोन कोणाच्या मालकीचा, रिचार्ज कोण करतो, अशी अनेक कारणे आहेत. पण ज्या स्त्रीला मराठी वाचता येते आणि रोमन अक्षरे येत नाहीत, तिला स्वतःच्या खात्यातील पैशांसाठी मुलाला किंवा नवऱ्याला विचारावे लागते, हेही त्यांतले एक आहे. भाषांतराची यंत्रे सुधारत आहेत, जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’सारख्या सरकारी उपक्रमांतून मराठीसाठीही साधने तयार होत आहेत. त्यांच्या भरवशावर मजकूर न तपासता टाकून देण्याची प्रवृत्ती मात्र वाढते आहे, ती थोपवायला हवी.

प्रश्न : ग्रामसभेत यासंबंधी ठराव केला तर त्याचा उपयोग होतो का? ठरावात नेमके काय मागावे?
— उपसरपंच, ता. आर्वी

होतो, मागणी नेमकी असेल तर. ‘सर्व संकेतस्थळे मराठीत करावीत’ असा ठराव वरिष्ठ कार्यालयात जाऊन पडून राहील. राज्यकारभाराची भाषा मराठी असल्याचे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नेच ठरवून दिले आहे, त्यामुळे तत्त्वाची पुनरुक्ती करण्याची गरज नाही. आपल्या गावात ज्या दोन-तीन सेवांसाठी लोक सर्वाधिक अडतात त्यांची नावे घ्यावीत, कोणत्या पानावर इंग्रजी सूचना येते त्याचे छायाचित्र जोडावे, आणि त्या सूचनेचा मराठी मजकूर आपणच सुचवावा, गावात बोलतात तशा शब्दांत. सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल आणि अर्ज भाषेच्या वा नावाच्या तफावतीमुळे मुदतीत निकाली निघाला नसेल, तर संबंधित अर्जदाराने अपीलही करावे. ठरावाची प्रत त्या अपिलाला जोडता येईल. दुसरी मागणी सेवा केंद्राबद्दल ठेवावी : भरलेला अर्ज पाठवण्यापूर्वी केंद्रचालकाने तो अर्जदाराला मराठीत मोठ्याने वाचून दाखवावा आणि पासवर्ड केंद्राच्या वहीत लिहून ठेवू नये. यासाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही, ग्रामसभेने केंद्रचालकाला समोर बसवून तसे ठरवले तरी पुरे.